आधी शहर, मग जहाज

क्रूझचा बेत आखणाऱ्या मराठी घरांत एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. जहाज ज्या शहरातून सुटते तिथे फार तर एक रात्र आधी पोहोचावे, तीही विमानाला उशीर झाला तर जहाज चुकू नये एवढ्यासाठी. आणि जहाज परत आले की त्याच दिवसाचे विमान धरून घर गाठावे. जहाज रोज एक नवे शहर दाखवतेच आहे, मग हॉटेलचे वेगळे पैसे कशाला? जाहिराती हेच सांगतात, जाऊन आलेले शेजारी हेच सांगतात, आणि मुले आईवडिलांची तिकिटे काढतात तीही याच हिशेबाने.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. जहाजाच्या भाड्यात खोली, जेवण आणि प्रवास एकत्र येतो, तर युरोपातल्या शहरात प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे पडतात. सुट्टी मोजकी असते. साठीच्या पुढच्या माणसाला बॅगा घेऊन हॉटेले बदलणे जड जाते. शाकाहारी माणसाला जहाजावरच्या जेवणाची खात्री वाटते, परक्या गावात ती वाटत नाही. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. सुरुवातीचे आणि शेवटचे शहर हा प्रवासाचा सर्वांत कसदार भाग ठरू शकतो, आणि मुक्काम करायचाच तर तो प्रामुख्याने प्रवास संपल्यावर करावा.

आधी 'जहाज शहरे दाखवते' हे विधान तपासू. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' असे छापलेले असते. जहाज लागते ते चिवितावेक्कियाला, रोमपासून 70-80 किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून आणखी 80-90 किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, सुमारे 200 किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेम्युंडे, तिथून रेल्वेने जवळजवळ तीन तास. आशियातही तेच आहे: 'बँकॉक'साठी जहाज बहुधा लाएम चाबांगला थांबते, शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर.

रोमचा हिशेब करून पाहा. जहाज सकाळी सातला लागले आणि संध्याकाळी सातला सुटणार, असे धरू. उतरून, बंदराच्या बसने बाहेर येऊन, स्टेशन गाठून रोममध्ये पाऊल पडेपर्यंत दहा वाजतात. जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून दुपारी साडेतीन-चारला परतीची गाडी धरावीच लागते. हाती राहतात पाच-सहा तास, तेही भर दुपारचे. कलोसियमला वेळ ठरवून तिकीट काढावे लागते, व्हॅटिकन संग्रहालयांच्या रांगेचा भरवसा नाही, आणि महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर ती संग्रहालये रविवारी बंदच असतात. अशा दिवसात माणूस रोमच्या दोन-तीन इमारतींसमोर उभा राहून येतो. उन्हे कलल्यावर रोमन माणसे ज्या चौकांत येऊन बसतात, ते चौक त्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्या वेळी तो परतीच्या गाडीत घड्याळ पाहत असतो.

यावर कोणी म्हणेल, आधीच्या रात्री थोडे शहर पाहून होतेच की. इथे मला या मताचा अर्धा भाग मान्य करायचा आहे. आधीची रात्र हवीच. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी प्रवेश बंद होतो. विमान रखडले किंवा मधल्या विमानतळावर बॅग राहिली तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. ज्या दिवशी जहाज सुटते त्याच दिवशी सकाळी तिथे उतरण्याचा बेत कोणी आखू नये. पण ही रात्र विम्यासारखी आहे. तिच्याकडून शहरदर्शनाची अपेक्षा ठेवली की दोन्ही गोष्टी बिघडतात.

दोन रात्रींची तुलना तासांत केली की हे स्पष्ट होते. मुंबईहून मध्यरात्री किंवा पहाटे निघायचे, मधे एक विमान बदलायचे, आणि दुपारी किंवा संध्याकाळी शहरात पोहोचायचे. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा शरीराचे साडेअकरा झालेले असतात, आणि आदली रात्र विमानात अर्धवट झोपेत गेलेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जहाजावर चढायचे. म्हणजे या मुक्कामात मिळते एक पेंगुळलेली संध्याकाळ आणि एक घाईची सकाळ. आता परतीचे पाहा. बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवलेल्या असतात, त्या टर्मिनलमध्ये आपली वाट पाहत असतात. जहाज पहाटे धक्क्याला लागते आणि आठ-नऊच्या सुमारास आपण मोकळे होतो. झोप पुरी झालेली, शरीर तिथल्या घड्याळाला सरावलेले, आणि कुठल्याही भोंग्याशी बांधलेले नाही. हॉटेलची खोली दुपारी मिळाली तरी बॅगा सकाळीच ठेवून घेतात. म्हणजे एक पूर्ण दिवस, एक पूर्ण संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाच्या विमानापर्यंतचा वेळ. हॉटेलचे भाडे तेवढेच, एका रात्रीचे. हाती लागलेले तास दुपटीहून अधिक. तरीही आपल्याकडे आधीची रात्र सगळेजण घेतात आणि नंतरची कोणी घेत नाही.

हे कसे घडत असेल याचा विचार केला की मला मुंबईचाच इतिहास दिसतो. विलायतेची बोट बॅलार्ड पिअरला लागली की गोरे साहेब तिथल्या मोल स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत बसून थेट उत्तरेकडे जात. ती सारी व्यवस्था टपालाच्या गतीने आखली होती. टपालाला शहर पाहायचे नव्हते, आणि टपालाबरोबर जाणाऱ्या माणसालाही तशीच सवय लागली. बोट आणि पुढची गाडी यांच्यात फट राहू नये, हा त्या काळच्या कारभाराचा आग्रह होता. सुट्टीवर निघालेल्या माणसाने तो का पाळावा?

बंदरांची त्याहून जुनी रीत वेगळी होती, आणि ती पाहायला जिनोआसारखी जागा नाही. पश्चिम भूमध्य समुद्रातल्या अनेक क्रूझ जिनोआहून सुटतात. आपले प्रवासी मिलानच्या विमानतळावरून बसने थेट टर्मिनलवर आणले जातात आणि आठवड्याने तसेच परत नेले जातात. त्यांतल्या बहुतेकांना हे शहर बसच्या खिडकीतून दिसलेल्या उड्डाणपुलापलीकडे ठाऊक नसते. मला याची खरोखर हळहळ वाटते, कारण समुद्रावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला कसे सांभाळावे, हे शहाणपण या शहराने दगडात बांधून ठेवले आहे.

प्रवासी टर्मिनलपासून पायी काही मिनिटांवर कोमेंदा दि प्रे नावाची जुनी वास्तू आहे. ती 1180 च्या सुमारास उभी राहिली. पवित्र भूमीकडे जाणाऱ्या यात्रेकरूंनी जहाज मिळेपर्यंत राहावे, परतताना दमलेल्या-आजारी माणसांनी इथे विसावावे, म्हणून धर्मसेवेचे व्रत घेतलेल्या शूरवीरांच्या एका संघाने ती चालवली. जहाजाच्या आधी आणि नंतर मुक्काम ही चैन नव्हे, प्रवासाची गरज आहे, हे आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलेले होते. आज त्याच इमारतीत इटलीतून परदेशी गेलेल्या लोकांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते 2022 मध्ये उघडले. लाखो इटालियन माणसे या धक्क्यांवरून अमेरिकेला गेली. मुले परदेशी असलेल्या मराठी आईवडिलांनी तर त्या दालनांतून सावकाश फिरावे; तिथल्या पेट्या आणि पत्रे त्यांच्याशी बोलतील.

पुढे सोळाव्या शतकात जिनोआने याहून विलक्षण गोष्ट केली. शहरात पाहुणे म्हणून येणारे राजे, राजदूत, धर्मगुरू यांच्यासाठी प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता. तेव्हा 1576 मध्ये तिथल्या सेनेटने श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांची यादी केली आणि चिठ्ठी टाकून ज्याचे नाव निघेल त्याने पाहुण्याला उतरवून घ्यायचे, असा नियम केला. या याद्यांना 'रोल्ली' म्हणत. वाड्याची प्रतवारी होती आणि पाहुण्याच्या मानाप्रमाणे वाडा ठरे. चित्रकार रुबेन्स या वाड्यांवर इतका लुब्ध झाला की 1622 मध्ये त्याने त्यांचे नकाशे आणि दर्शनी आराखडे पुस्तकरूपाने छापले. रोल्लीच्या याद्यांतले 42 वाडे 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. व्हिया गारिबाल्दी या एकाच रस्त्यावर असे कितीतरी वाडे दोन्ही बाजूंनी उभे आहेत. पालात्सो रोस्सो, पालात्सो बियांको आणि तुर्सी ही आज संग्रहालये आहेत. तुर्सीमध्ये व्हायोलिनवादक पागानिनीचे व्हायोलिन आहे, 1743 मध्ये ग्वार्नेरीने घडवलेले. अख्खी सकाळ या एका रस्त्याला द्यावी. मग खाली उतरून जुन्या गावात शिरावे. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की काहींत दुपारीही ऊन जमिनीला लागत नाही. आणि संध्याकाळी उतारावर चढून जाणारी लिफ्ट घेऊन वरच्या वस्तीतून खाली पाहावे. बंदर, 1543 चे लांतेर्ना दीपगृह आणि आपण ज्यावरून उतरलो तेच जहाज, नवे प्रवासी घेऊन निघालेले, हे एका नजरेत दिसते.

जेवणाच्या आक्षेपाचे उत्तरही याच गावात आहे. फारिनाता हा इथला रोजचा पदार्थ: हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेले. बेसनाच्या धिरड्यावर वाढलेल्या माणसाला त्याची चव समजावून सांगावी लागत नाही. बेसिल, पाइनच्या बिया, लसूण, चीज यांची पेस्तो चटणी इथलीच, आणि तेलात मऊ झालेला फोकाच्चा पाव सकाळपासून दुकानादुकानांत मिळतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना काळजी घ्यावी लागेल, पण शाकाहारी माणूस जिनोआत उपाशी राहत नाही.

व्हिसाची भीतीही घातली जाते: दिवस वाढले की कागद वाढतात. खरे तर शेंगेन व्हिसासाठी अर्ज त्या देशाकडे करायचा असतो जिथे मुक्काम सर्वांत लांब आहे. रोज वेगळ्या देशाला लागणाऱ्या जहाजात हे ठरवणेच अवघड जाते. शेवटी एका देशात दोन-तीन रात्री घेतल्या तर ते उलट स्पष्ट होते. विम्याचे दिवस मात्र मुक्कामासह मोजावेत, आणि जहाज मधे तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशाला लागणार असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागावा. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत येणाऱ्यांनी हे विसरू नये. अथेन्समधला मुक्काम त्यावरच अवलंबून असतो.

पैशाच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. बहुतेक कुटुंबे प्रत्येक बंदरावर जहाजाची सशुल्क सहल घेतात, कारण घेतली नाही तर दिवस वाया जाईल अशी धास्ती असते. त्यांतल्या दोन लांब पल्ल्याच्या सहली सोडून द्याव्यात. ज्या बंदरावरून शहर 80-90 किलोमीटरवर आहे, त्या दिवशी बंदराच्या गावातच पायी फिरावे किंवा रिकाम्या जहाजावर निवांत बसावे. चार माणसांच्या दोन सहलींचे वाचलेले पैसे शेवटच्या शहरातल्या रात्रीसाठी कामी येतात. आठ तासांत चार तास बसमध्ये काढण्यापेक्षा हा सौदा मला शंभरदा पसंत आहे. वयस्क माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. त्यांना थकवतात त्या बसमधल्या सहली, एका हॉटेलात दोन रात्री राहणे नव्हे.

एक बाजू अशीही आहे जिची चर्चा आपल्याकडे होतच नाही: त्या शहरांना काय वाटते? व्हेनिसचे उदाहरण घ्या. 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांवरच्या किंवा 180 मीटरहून लांब जहाजांना सान मार्को आणि ज्युदेक्काच्या जलमार्गातून जायला बंदी झाली. 2024 च्या वसंतापासून त्या शहराने ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत केवळ दिवसापुरते येणाऱ्यांना पाच युरो आकारायला सुरुवात केली. 2025 मध्ये असे दिवस वाढवले आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी रक्कम दुप्पट केली. जो रात्री मुक्काम करतो त्याला हे शुल्क नाही. तो हॉटेलमार्फत मुक्कामाचा कर वेगळा भरतो. शहराने यात भेद कुठे केला ते पाहण्यासारखे आहे. येऊन, गर्दी करून, काही न घेता-देता जाणारा एका बाजूला, आणि राहणारा दुसऱ्या बाजूला. हा भेद मला न्याय्य वाटतो. आपण आपल्या गावातही तोच करतो.

त्या बंदीचा एक परिणाम असा की 'व्हेनिस' छापलेल्या काही क्रूझ आता रावेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटतात, व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. प्रवासी चिडतात, फसवले गेल्याची भावना होते, आणि मग ते रावेन्नाला पाठ फिरवून बसने व्हेनिसच्या विमानतळाकडे जातात. रावेन्ना! इसवी सन 402 पासून पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी असलेले गाव, जिथे सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा सोन्याच्या काचतुकड्यांतून दीड हजार वर्षे समोर पाहत उभे आहेत, जिथे कवी दान्ते 1321 मध्ये वारला आणि जिथे त्याची समाधी आहे. जहाजाचा धक्का पोर्तो कोर्सिनीला, गावापासून थोड्याच अंतरावर. एक रात्र तिथे काढली तर आठही जागतिक वारसास्थळे सावकाश पाहता येतात, आणि व्हेनिस दुसऱ्या दिवशीही जागेवरच असते.

पिरेअसबद्दल तर थांबण्याचा आणखी जुना दाखला आहे. अथेन्सच्या या बंदराला लोक केवळ मेट्रोचे शेवटचे स्टेशन समजतात. ऑक्टोबर 2022 पासून विमानतळाची मेट्रो थेट पिरेअसपर्यंत जाते, त्यामुळे बंदराबाहेर दहा पावलेही कोणी टाकत नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची सुरुवात मात्र इथेच होते. सॉक्रेटिस नव्या देवतेचा उत्सव पाहायला पिरेअसला उतरतो, पाहून झाल्यावर अथेन्सला परत निघतो, आणि वाटेत पोलेमार्कस त्याला अडवतो. संध्याकाळी घोड्यांवरची मशालींची शर्यत आहे, रात्रीचा उत्सव आहे, थांबा, असा आग्रह होतो. सॉक्रेटिस थांबतो. न्याय म्हणजे काय, यावरचा तो जगप्रसिद्ध संवाद त्या थांबण्यात घडतो. आजही पिरेअसच्या पुरातत्त्व संग्रहालयात 1959 मध्ये तिथल्याच एका रस्त्याखाली सापडलेले कांस्याचे अपोलो आणि अथेना उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर बहुधा गर्दी नसते. अक्रोपोलिसवर 2023 पासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आणि वेळेची तिकिटे आहेत. मुक्कामी माणसाला सकाळची पहिली वेळ घेता येते, जहाजातून आलेल्या गटाला उन्हाची मिळते.

तेव्हा मंडन असे. जहाजाची जाहिरात पाहून मग शहराचा विचार करायचा, हा क्रमच उलटा आहे. आधी शहर निवडावे. पश्चिम भूमध्य समुद्रातल्या काही मोठ्या कंपन्यांची जहाजे एकाच वर्तुळात फिरतात आणि जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना, चिवितावेक्किया अशा अनेक बंदरांतून प्रवासी चढवतात-उतरवतात. वर्तुळ तेच, बंदरे तीच. फक्त आपण कुठे चढायचे ते आपल्या हाती. ज्याला रोम नीट पाहायचे आहे त्याने चिवितावेक्कियाहून चढावे आणि तिथेच उतरून रोमला तीन रात्री द्याव्यात. मग रोम हा धावपळीचा दिवस उरत नाही, आणि जिनोआ किंवा मार्सेय, जिथे जहाजातून उतरून शहर लवकर गाठता येते, ते दिवसभराच्या थांब्यात बऱ्यापैकी पाहून होते. बार्सिलोनाचा मुक्काम घ्यायचा तर उतरण्याचा वार बघावा: पिकासो संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि सप्ताहाखेरीस संपणाऱ्या क्रूझनंतरचा पहिला मोकळा दिवस नेमका सोमवार निघू शकतो. इस्तंबूलला तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद.

हे सगळे परदेशापुरते नाही. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणाऱ्या क्रूझना आता नागपूर, कोल्हापूर, नाशिकहून मोठ्या संख्येने लोक येतात. ते रेल्वेतून उतरतात, टॅक्सीने बॅलार्ड पिअरला जातात, आणि परतल्यावर पुन्हा टॅक्सीने स्टेशनवर बसून राहतात. मुंबई पाहिलेली आहे, असे त्यांना वाटते. पाहिलेली असते ती लग्नकार्यांची आणि इस्पितळांची मुंबई. टर्मिनलच्या दाराबाहेर जॉर्ज विटेटने आखलेले बॅलार्ड इस्टेट आहे, त्याच विटेटचे गेटवे ऑफ इंडिया आणि वस्तुसंग्रहालय पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत. मधे 1833 चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी, आणि हॉर्निमन सर्कल. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको अशा समोरासमोरच्या रांगा आहेत, ज्या 2018 मध्ये जागतिक वारशात गेल्या. सोमवार नसेल तर गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात. आणि इथे हॉटेलच्या रात्रीचाही प्रश्न नाही, कारण कोल्हापूरची महालक्ष्मी आणि नागपूरकडे जाणारी विदर्भ या दोन्ही गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून संध्याकाळनंतरच सुटतात. जहाज सकाळी लागते. बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवल्या की सबंध दिवस मोकळा.